पात्रतेचे पाखंड

पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण, नेट अथवा सेट असल्यास प्राधान्य, मान्यताप्राप्त नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, इंग्रजी लेखनावर प्रभुत्व, आकडेवारीच्या संगणक-प्रणालींची माहिती आणि मूळ कागदपत्रांसह मुलाखतीस स्वखर्चाने हजर राहण्याची तयारी. संशोधन सहाय्यक, प्रकल्प अधिछात्र आणि पीएच.डी.च्या जागांसाठी विद्यापीठांतून ज्या जाहिराती निघतात, त्यांचा मजकूर हा असा ठरलेला आहे. विषय समुद्री शेवाळाचा असो की मोडी दफ्तरांचा, त्यात फारसा फरक पडत नाही. एरवी आम्ही त्याकडे काणाडोळा केला असता. परंतु ज्या संशोधनाचे सारे क्षेत्र जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत आहे, वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी माणसांचे अन्न, आजार, कर्ज आणि स्थलांतर हाच ज्याचा विषय आहे, ज्याच्या पानापानावर पाड्यावरच्या एखाद्या बाईने दिलेले उत्तर उतरणार आहे, त्या संशोधनासाठी माणूस निवडताना त्या बाईची बोली उमेदवाराला कळते काय, तो त्या पाड्यावर एक रात्र तरी कधी राहिला आहे काय, नागली आणि वरई कोणत्या उतारावर पिकते आणि कोणत्या महिन्यात घरातून संपते हे त्याला ठाऊक आहे काय, एवढे विचारण्याचीही गरज ज्या विद्वत्सभेला वाटत नाही, तिच्या विद्वत्तेला काय म्हणावे? ती विद्वत्ता खोटी आहे.

जव्हार-मोखाड्यात दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. १९९२ साली वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली आणि त्या दोन गावांची नावे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकाबाहेरच्या इतिहासात कायमची कोरली गेली. तेव्हापासून या डोंगरांत मंत्री आले, सचिव आले, समित्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग संशोधक आले. वजने झाली, दंडघेर मोजले गेले, प्रश्नावल्या भरल्या गेल्या, प्रबंध लिहिले गेले, प्रबंधांवर पदव्या मिळाल्या, पदव्यांवर बढत्या मिळाल्या. आणि २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोचच्या कुपोषित बालकाच्या मृत्यूनंतर सारे राज्य पुन्हा एकदा हादरल्याचे सोंग आणून बसले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच तालुक्यातल्या मर्कटवाडीच्या बाळंतिणीला रस्ता नाही म्हणून झोळीतून न्यावे लागले. तिची जुळी बाळे वाचली नाहीत. तीस वर्षे ज्या भूमीचा इतका अभ्यास झाला, त्या भूमीतल्या किती मुलामुलींना त्या अभ्यासाने अभ्यासक केले, हा प्रश्न एकाही अहवालात विचारलेला आम्ही पाहिला नाही. अभ्यासविषय होण्याची पात्रता या लोकांत पुरेपूर आहे. अभ्यासक होण्याची मात्र नाही, असे आमच्या ज्ञानपीठांनी परस्पर ठरवून टाकले आहे.

हे संशोधन चालते कसे, ते एकदा जवळून पाहावे. संशोधक येतो बहुधा थंडीत, कारण तेव्हा हवा बरी असते, रस्ते कोरडे असतात आणि महाविद्यालयाला नाताळची सुट्टी असते. नेमक्या त्याच दिवसांत निम्मा पाडा घराला कुलूप किंवा काटेरी झुडूप लावून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेला असतो. मागे राहिलेले असतात म्हातारेकोतारे आणि त्यांच्यावर सोपवलेली नातवंडे. संशोधकाच्या हातात छापील प्रश्नावली असते. मागच्या चोवीस तासांत घरात कोणती हिरवी भाजी शिजली, असा प्रश्न असतो आणि पुढे पालक, मेथी, चवळी, इतर अशा चौकटी असतात. पावसाच्या तोंडावर याच घरात शेवळे, लोत, चाई शिजते, कुर्डू शिजते; पण तो आलेला असतो डिसेंबरात, आणि आला असता जूनमध्ये, तरी त्याच्या चौकटीत या भाज्यांना जागा नसती. त्याच्या शेजारी त्याच पाड्यावरची, जव्हारच्या महाविद्यालयात बी.ए.ला असलेली एक मुलगी उभी असते. साहेबांचा प्रश्न ती आपल्या बोलीत सांगते, आजीचे लांबलचक उत्तर ऐकते, त्यातले कोणते खरे, कोणते पाहुण्याला बरे वाटावे म्हणून दिलेले, हे तिला क्षणात कळते, आणि ती ते साहेबांना चार शब्दांत मराठीत सांगते. आजी बोलली पाच मिनिटे. कागदावर उतरले ‘होय’. दिवस संपताना त्या मुलीच्या हातावर मजुरी ठेवली जाते, आणि पुढे प्रबंधाच्या ऋणनिर्देशात कुठेतरी शेवटी ‘स्थानिक कार्यकर्त्यांचे आभार’ एवढी ओळ येते. नेट-जेआरएफधारक संशोधकाला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण ज्या कानांनी ते संशोधन ऐकले आणि ज्या जिभेने ते सांगितले, त्या कानाजिभेची किंमत एका दिवसाची मजुरी! याला आम्ही संशोधन म्हणत नाही. ही वेठबिगार आहे.

वेठ हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. जव्हार-मोखाड्याच्याच जिल्ह्यातल्या तलासरी-डहाणू पट्ट्यात १९४५ साली वारल्यांनी लाल बावटा हाती घेतला, गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या आणि सावकाराच्या शेतावरची वेठ व लग्नाच्या कर्जापायी राबवून घेण्याची, लग्नगडीची अमानुष चाल मोडून काढली. शेतावरची वेठ गेली. ज्ञानाच्या शेतावरची अजून शिल्लक आहे, आणि तिचे मुकादम उच्चविद्याविभूषित आहेत.

आता या पंचावन्न टक्क्यांचे देव्हाऱ्यातले स्थान पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित केलेल्या पीएच.डी. विनियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि अन्य वंचित घटकांना पाच टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे मोखाड्याच्या मुलाला पन्नास टक्के पुरतात. किती हे औदार्य! आईबाप भट्टीवर गेले की वर्षातले चार-पाच महिने ज्याची शाळा सुटते, जो आश्रमशाळेच्या एकाच खोलीत शिकतो, झोपतो आणि जेवतो, ज्याची घरची बोली वेगळी, शाळेची भाषा वेगळी आणि एम.ए.च्या संदर्भग्रंथांची त्याहून वेगळी, ज्याच्या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही आणि म्हणून मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यातल्या मुलाखतीसाठी ज्याला खोडाळामार्गे कसारा आणि तिथून लोकल असा प्रवास आदल्या दिवशीच सुरू करावा लागतो, त्याच्या आणि दादर-पार्ल्याच्या मुलामध्ये आयोगाच्या हिशेबी नेमके पाच टक्क्यांचे अंतर आहे. हे अंतर कोणी मोजले, कोणत्या फुटपट्टीने मोजले, ती फुटपट्टी घेऊन मोजणारा कधी सूर्यमाळच्या घाटात चढला होता काय, याचे उत्तर आम्हाला कोणी देणार नाही. सवलत दिली की कर्तव्य फिटले.

बरे, या गुणांच्या उंबरठ्याआड जे पावित्र्य जपले जाते, ते तरी काय प्रतीचे आहे? वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगानेच २०१८ मध्ये विनियम केले. त्यातली शिक्षेची उतरंड वाचकांनी डोळे उघडे ठेवून वाचावी. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत उसना मजकूर आढळला तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के आढळला तर सुधारून पुन्हा सादर करावा. चाळीस ते साठ टक्के आढळला तर सुधारित प्रबंध देण्यास एक वर्षाची मनाई. आणि साठ टक्क्यांच्या वर गेला, तरच नोंदणी रद्द. याचा सरळ अर्थ असा की, परीक्षेत ज्या आदिवासी विद्यार्थ्याला पन्नासपेक्षा एक गुण कमी पडला, त्याला दारातूनच परत पाठवायचे. आणि प्रबंधातला निम्मा मजकूर ज्याने दुसऱ्याच्या घरून उचलून आणला, त्याला एक वर्ष विश्रांती देऊन पुन्हा पंगतीला बसवायचे. शोधनिबंधांची कथा निराळी नाही. पैसे मोजा आणि छापून घ्या, अशा नियतकालिकांचे एवढे पीक आले की आयोगाला २०१९ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची स्वतंत्र यादी करावी लागली, आणि २०२५ मध्ये ती गुंडाळूनही ठेवावी लागली. विकत घेता येणारी गोष्ट पात्रता ठरली की पात्रता कोणाकडे जाणार, हे सांगायला अर्थशास्त्रात डॉक्टरेट लागत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा हा न्याय गुणवत्तेच्या नावाने दिला जातो, ही त्यातली सर्वांत संतापजनक बाब आहे.

नियम कठोर असतो, त्याला कोणासाठी वाकवता येत नाही, असे आम्हाला सांगण्यात येईल. वाकवता येतो. २०२२ मध्येच आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने एक दार उघडले. आपापल्या क्षेत्रात पंधरा वर्षे नाव कमावलेल्या तज्ज्ञाला, औपचारिक शैक्षणिक पात्रतेचा आग्रह न धरता, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत प्राध्यापक म्हणून नेमता येते. उद्योजक, सनदी अधिकारी, सैन्याधिकारी, सनदी लेखापाल यांच्याबरोबरच त्या तज्ज्ञांच्या यादीत साहित्य आहे आणि ललितकलाही आहेत. मग जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या धिंडा, ज्यांनी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला, ज्यांना दुधी भोपळ्यातून तारपा घडवताही येतो आणि रात्रभर त्याच्या सुरावर पाडा नाचवताही येतो, त्यांच्या दाराशी कोणत्या विद्यापीठाचे नेमणूकपत्र पोहोचले? गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वारली चित्रांवर प्रबंध झाले, देशोदेशी प्रदर्शने झाली. त्यांच्या चित्रांवर लिहिणारे व्याख्याते झाले. म्हसे स्वतः २०१८ मध्ये गेले, ते चित्रकार म्हणूनच. जव्हारच्या रामखिंडीत बोहाड्याचे मुखवटे घडवणारे हात आहेत, मोखाड्याच्या बोहाड्यात ते मुखवटे बांधून नाचणारे खांदे आहेत. लोककलेच्या चर्चासत्रांना त्यांना बोलावतात ते सायंकाळच्या मनोरंजनाच्या कार्यक्रमासाठी. सकाळी त्यांच्याविषयी निबंध वाचले जातात तेव्हा ते बाहेर चहा घेत बसलेले असतात. दार उघडे आहे. ते निवृत्त अधिकाऱ्यासाठी उघडले, रानातल्या माणसासाठी नाही.

आणि शास्त्र तरी काय सांगते? पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्हस्की ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला, तिथली भाषा शिकला, आणि तेव्हापासून ज्याचा अभ्यास करायचा त्याच्यात राहणे आणि त्याची भाषा बोलणे ही मानववंशशास्त्राच्या अभ्यासकाची प्राथमिक अट मानली गेली. शंभर वर्षे झाली त्याला. परदेशातून कोणी विद्वान वारल्यांवर संशोधन करायला आला, तर आधी बोली शिकून घे असे त्याचा मार्गदर्शक त्याला बजावतो. आणि ज्याच्या घरात ती बोली जन्मापासून बोलली जाते त्या जव्हारच्या पोराला आमचे मार्गदर्शक बजावतात, की आधी तुझे इंग्रजी सुधार! वारली, कोकणा, कातकरी या बोली येणे हे भाषाज्ञान आहे, ते कुठल्याही अर्जाच्या ‘अवगत भाषा’ या रकान्यात अभिमानाने लिहिता आले पाहिजे, इतकी साधी गोष्ट त्या पोराला आजवर कोणी सांगितलेली नाही. जर्मनचे प्रमाणपत्र तो जोडील तर त्याला गुण मिळतील. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या आदिवासी समूहांपैकी एक जमात. तिच्या बोलीला मात्र भोपळा. अपवाद आहेत, आणि ते नोंदवणे आमचे कर्तव्य आहे: मुंबईच्या आयआयटीतील ग्रामीण तंत्रज्ञानाच्या ‘सितारा’ केंद्राचे विद्यार्थी मोखाड्यात येऊन राहिले, विहिरी आणि नळयोजनांचे हिशेब त्यांनी गावात बसून मांडले, कारण गावात राहणे हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. एका अभियांत्रिकी संस्थेला जे सुचले, ते समाजशास्त्राच्या आणि मराठीच्या विभागांना सुचू नये?

शासनाचे काय सांगावे! पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. या संस्थेला साठ वर्षे उलटून गेल्यानंतरही आदिवासी संशोधक हा शब्द उच्चारला की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे आदिवासींवर संशोधन करणारा बिगर आदिवासीच उभा राहतो. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या साऱ्या देशाला मिळून वर्षाला ७५०. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या साऱ्या देशाला मिळून वीस, त्यांत विशेष असुरक्षित समूहांसाठी तीन. बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन संस्था या शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी ग्रंथालयात बसायच्या वयात संशोधक विद्यार्थी आझाद मैदानात येऊन बसतात, उपोषणे करतात. आणि त्यांचा प्रश्न डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहात उलट विचारले, पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार? ज्यांच्या पाड्यांवर वीज पोहोचवायची जबाबदारी या सत्तेची होती, त्यांच्या लेकरांना हा प्रश्न विचारण्याचे धारिष्ट सत्तेलाच शोभते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा खजिना भरतो आणि त्या खजिन्यातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, रयतेच्या मुलांना मात्र प्राथमिक शाळाही मिळत नाही, हा त्या निवेदनाचा रोख होता. दीडशे वर्षे होत आली, आणि मोखाड्यात त्या रोखाची धार तसूभरही बोथटलेली नाही. मोखाडा तालुक्यात बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबई पिते; ज्या महानगरात १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्याच्या सभागृहांत आदिवासी विकासावरची चर्चासत्रे भरतात, तिथल्या नळांना वैतरणेचे पाणी आहे, आणि धरणाच्या परिसरातल्या बायका एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाणी दिले, श्रम दिले, चित्रे दिली, गाणी दिली, प्रबंधांचे विषय दिले. मोबदल्यात यांना मिळाले अपात्रतेचे पत्र.

‘मग काय, गुणवत्ता खाली आणायची?’ हा प्रश्न आम्हाला आता ऐकू येतोच आहे. तो विचारणारांना आमचे उत्तर असे की, तुमची गुणवत्ता आहे त्याहून वर न्यावी, एवढीच आमची मागणी आहे. जव्हारच्या भुकेवर लिहिणाराला जव्हारची बोली आली पाहिजे, ही अट आजच्या अटींपेक्षा कठीण आहे, सोपी नाही. ती लावा, आणि किती नेटधारक टिकतात ते पाहा. आयोगाच्या नियमांच्या आड लपण्याची सोय विद्यापीठांना नाही. प्रवेश परीक्षा सत्तर टक्के आणि मुलाखत तीस टक्के, ही विभागणी आयोगाने केली. पण त्या तीस टक्क्यांत काय विचारायचे, कशाचे मोल करायचे, हे मुलाखत घेणाऱ्या समितीच्या हातात आहे. तिथे बोलीच्या ज्ञानाला गुण द्या, क्षेत्रातल्या वास्तव्याला गुण द्या, तिथे एखादी आदिवासी जाणकार व्यक्ती परीक्षक म्हणून बसवा. मुलाखत कालिन्यात न घेता जव्हारला घ्या. प्राध्यापकांना एक दिवस एसटीने प्रवास करायला काही हरकत नसावी. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दुभाष्याची मजुरी लिहिता, तिथे सहसंशोधकाचे मानधन लिहा आणि शोधनिबंधावर त्या मुलीचे नाव घाला. या दोन तालुक्यांतल्या महाविद्यालयांत संशोधन केंद्र उभे करा. आणि ज्या ग्रामसभेच्या हद्दीत माहिती गोळा केली, त्या ग्रामसभेपुढे निष्कर्ष वाचून दाखवल्याशिवाय कोणाच्याही प्रबंधाला पदवी देऊ नका. तिथल्या म्हाताऱ्या बाईने ‘हे असे नाही, बाबा’ म्हटले, तर तिचा आक्षेप बहिःस्थ परीक्षकाच्या आक्षेपाइतकाच गंभीर माना. यातल्या एकाही गोष्टीला दिल्लीची परवानगी लागत नाही. लागते ती लाज.

ती लाज आणण्याचे काम वाचकांनो, तुमचे आहे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या मतांनी दहा प्रतिनिधी निवडून जातात; त्यांतली एक जागा कायद्याने अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. हे दहाही जण तुमच्या मतांवर तिथे बसले आहेत. परीक्षांचे निकाल आणि वसतिगृहांचे नळ यांवर ते बोलतात, बोलावेही. पण जव्हार-मोखाड्यावरच्या संशोधनात जव्हार-मोखाड्याची मुले संशोधक म्हणून का नाहीत, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी, कधी, कोणत्या ठरावाने विचारला, हे त्यांना पत्र लिहून विचारा. उत्तर आले तर आमच्याकडे पाठवा. पुढच्या अधिसभेत हा ठराव जो मांडील, त्याचे नाव आम्ही पहिल्या पानावर छापू. आणि कोणीच मांडला नाही, तर दहाही जणांची नावे छापू.